डबीतली शिडी

शिडीच्या सासरी माणसं तीन, आणि तिघंही एकाच साच्यातून काढल्यासारखी आटोपशीर. सासरेबुवा सुनेच्या खांद्याखाली, सासूबाई सासरेबुवांच्या खांद्याखाली, आणि नवरा टाचा उंचावून कसाबसा तिच्या कानापर्यंत. घरही त्यांच्याच मापाचं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी ती हातात चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, ती दाराच्या चौकटीवर कपाळ आपटूनच. कप वाचले. 'जरा वाकून येत जा गं,' असं सासूबाई तेव्हा घाबरून म्हणाल्या, आणि सुनेने ते इतकं मनावर घेतलं की पुढे ती गच्चीवर, जिथे डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं, तिथेही वाकूनच चालायची.

खरं सांगायचं तर वाकायची सवय तिला माहेरूनच होती. शाळेत मागच्या बाकावर, फोटोत अगदी कडेला, लग्नकार्यात खांबाच्या आड. आता ती इस्पितळांच्या चादरी नि अभ्रे धुलाईकेंद्रातून ने-आण करणारी व्हॅन चालवायची, आणि त्या व्हॅनच्या छतानेही तिच्या टाळूशी वैर धरलेलं. 'शिडी' हे नाव गल्लीने ठेवलं, सासरेबुवांनी उचललं आणि तिने हसून घेतलं. हसून घेतलेली नावं कायमची चिकटतात.

सासरेबुवा घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून बसलेल्या या माणसाला उतारवयात एकच हौस सुटली, ती म्हणजे किट कार. म्हणजे सुट्या भागांची गाडी. ती खोक्यांतून घरी येते, कुठला भाग कुठे बसतो त्याची चित्रं सोबत येतात, बाकी सगळं ज्याचं त्याने जोडायचं. सासरेबुवांनी दोन माणसांची, बिनछपराची, बिनदाराची, जमिनीला नाक लावून बसणारी एक स्पोर्ट्‌स कार मागवली आणि गॅरेजात वर्षानुवर्षं जोडत बसले. प्रत्येक नट पुसून घेतलेला, प्रत्येक स्क्रूला तेलाचा थेंब. लोक गाडी जोडायला हातोडा घेतात, आमच्याकडे चिमटा घेतात, असं सासूबाई म्हणायच्या. गाडी झाली तीही इतकी चिमुकली, की तिला सगळे डबीच म्हणू लागले.

डबीची बैठक, पेडल, स्टिअरिंग सगळं सासरेबुवांनी स्वतःच्या अंगाप्रमाणे पक्कं करून टाकलं होतं. बैठक मागेपुढे सरकणारी करा, असं चित्रात स्पष्ट दाखवलेलं. पण आपल्या घरात कोण उंट येणार आहे, असं म्हणून त्यांनी ते पान उलटलं. पुढच्याच वर्षी मुलाने उंटीण आणली.

आणि डबी तयार झाली तेव्हा नेमका सासरेबुवांच्या कानाने दगा दिला. तोल सांभाळणारं कानातलं काहीतरी बिघडलं. मान वळवली की खोली गरगर फिरायची. डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी घातली. सासूबाई शिवणकाम करायच्या, आणि पायाने चालवायची एकच वस्तू त्यांना ठाऊक होती, शिलाई मशीन. नवरा औषधाच्या दुकानात होता, पण स्वतःच मोठं गिऱ्हाईक. तिसऱ्या वळणाला त्याचं पोट वर यायचं. लिफ्टमध्ये चढतानाही त्याच्या खिशात गोळी असायची.

गावाबाहेरच्या टेकडीवर वर्षातून एका रविवारी घरी जोडलेल्या गाड्यांची चढाई भरायची. शर्यत नव्हे. पहिला नाही, शेवटचा नाही. एकेक गाडी सोडायची, तिने वळणं घेत माथ्यावर जायचं आणि तिथे खांबाला टांगलेली घंटा वाजवायची. चालवणारा मात्र गाडी जोडणाऱ्याच्या घरचाच हवा, हा तिथला दंडक. सासरेबुवा दर वर्षी पायथ्याशी उभे राहून दुसऱ्यांच्या घंटा ऐकून यायचे आणि घरी येऊन डबीवरची धूळ पुसायचे.

यंदा चढाईचे दिवस जवळ आले तेव्हा त्यांनी पलंगाखालची रिकामी खोकी बाहेर ओढली. डबी ज्यांतून आली तीच खोकी. आवाज न चढवता त्यांनी सांगून टाकलं, की बंद घड्याळ भिंतीवर ठेवू नये. यंदा डबी टेकडी चढली तर ठीक, नाही तर ती सुटी करून पुन्हा खोक्यांत भरणार. मग ते शांतपणे एकेक खोकं फडक्याने पुसू लागले, आणि घरातले सगळे हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहिले. कारण सासरेबुवा धमक्या देणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणायचे आणि करायचे.

शिडीला या म्हाताऱ्याचा फार लळा. सगळं जग तिच्या उंचीला हसायचं. हा एकटा माणूस तिला कौतुकाने माळ्यावरचे डबे काढायला लावायचा. ती दारात उभी होती, अर्थातच वाकून. ती म्हणाली, "बाबा, मी चालवते."

सासरेबुवांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांना बराच वेळ लागला.

डबीत बसायचा पहिला प्रयत्न झाला तेव्हा सगळं घर गॅरेजात जमलं होतं. दार नसल्याने गाडीत बसायचं म्हणजे विजारीत पाय घालावा तसा एकेक पाय घालायचा. एक पाय गेला. दुसरा स्टिअरिंगपाशी अडला. तो आत ओढला तर गुडघे कानांशी आले, आणि डोकं पुढच्या काचेच्या इतकं वर राहिलं, की नवऱ्याला हसू आवरेना. अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी शहाण्यासारखी म्हणही त्याने ऐकवली.

सासूबाई म्हणाल्या, "पाय आहेत तेवढे आहेत. अंथरूण उसवा."

आणि त्यांनी गळ्यातली मापाची फीत काढली. डबी त्या क्षणापासून घड्याळजीची राहिली नाही, शिंपिणीची झाली. आता शिवणकामाचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. कच्चा शिंपी गिऱ्हाइकाला म्हणतो, ताठ उभे राहा. गिऱ्हाईक छाती काढून उभं राहतं, माप देतं, घरी जाऊन पुन्हा होतं तसं पोक काढून बसतं, आणि कपडा बगलेत रडतो. सासूबाई त्यातल्या नव्हेत. त्या गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवायच्या, आणि माणूस जसा असतो तसा मोजायच्या. त्यांच्या हातचा एक कपडा कधी परत आला नाही. त्याच नियमाने त्यांनी डबीत बसलेल्या सुनेला माहेरच्या चौकशांत गुंतवलं आणि कंबर ते टाळू, ढोपर ते टाच, खांदा ते मनगट अशी मापं घेतली. आकडे तोंडपाठ ठेवले. मग खडू घेऊन डबीच्या चकचकीत पत्र्यावर खुणा केल्या. सासरेबुवांनी डोळे मिटून घेतले.

मग काय विचारता. घरात नुसता गोंधळ. सासरेबुवांनी जपून बसवलेली बैठक मुळासकट निघाली. पेडलची पट्टी पुढे सरकवायची तर वाटेत बॅटरी. बॅटरी उचलून मागे नेली. मग तिची तार पुरेना. मोठं स्टिअरिंग गुडघ्यांवर टेकत होतं; ते जाऊन ताटलीएवढं आलं. शिडीच्या बुटाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले जायचे. म्हणजे गाडीला एकाच दमात थांब आणि पळ. सासूबाईंनी पातळ तळव्याचे बूट आणवले आणि त्यांच्या कडाही कापून शिवल्या. नवरा डबीखाली उताणा पडून नट धरायचा, आणि गाडी जागची हलत नसतानाही त्याला मळमळायचं.

नव्या बैठकीखाली सासूबाईंनी फोमचे तीन थर घातले, एकावर एक टाचून. कपड्याच्या शिवणीत जादा सोडलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. उद्या अंग वाढलं तर उसवता यावं म्हणून ती ठेवायची असते. सासूबाई गाडीतही माया सोडल्याशिवाय राहिल्या नाहीत.

एका सकाळी कच्ची जोडणी करून पाहिली. शिडी आत गेली. पाय पेडलवर पोचले, गुडघे सुटे राहिले, हात हवे तिथे गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग कळलं, की तिला बाहेर येता येत नाही. आत जाताना एक पाय दुमडता येत होता. बाहेर येताना तो दुमडायला जागाच नव्हती. तिकडे दोन इस्पितळं चादरींची वाट पाहत होती. नवऱ्याने तिला बशीतून चहा पाजला. सासरेबुवा म्हणाले, घाई करू नका, मी गाडी सुनेभोवतून सोडवून काढतो. त्यांनी खरोखरच पाना हातात घेतला. शेवटी शिडी डोकं खाली, पाय वर अशी मागच्या बाजूने घसरून जमिनीवर हातांवर आली, आणि तशीच चालत थोडी पुढे गेली. सगळं घर गॅरेजच्या फरशीवर बसून पोट धरून हसत होतं. सासूबाईंच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या, त्या पुढे कितीतरी दिवस पायांना टोचत राहिल्या.

मग स्टिअरिंग काढता-घालता येईल असं केलं आणि तो प्रश्न मिटला. पक्की जोडणी झाली. शिडीने आत बसून किल्ली फिरवली, डबी धडधडली, आणि तिला एक गंमतच वाटली. आजवर तिला दुकानातलं तयार काही बसलं नव्हतं. बाही आखूड, बूट आखूड, पलंग आखूड, सायकल आखूड. आणि ही एवढीशी गाडी तिच्या अंगाभोवती अशी बसली होती, जणू कुणी विचारलं होतं की बाई, तुझं माप काय? तिला हसू आलं, थोडं रडूही आलं, आणि ते लपवायला तिने हॉर्न वाजवला.

आता राहिली चढाईची एक परीक्षा. डबीसारख्या बिनछपराच्या गाडीत चालवणाऱ्याच्या डोक्यामागे एक लोखंडी कमान असते. गाडी उलटलीच तर भार कमानीवर यावा, डोक्यावर नव्हे. म्हणून तपासनीस त्या कमानीपासून पुढच्या काचेच्या कडेपर्यंत एक काठी आडवी धरतो. हेल्मेट घातलेलं डोकं काठीच्या खाली राहिलं तर परवानगी, काठीला लागलं तर घरी जा. सासरेबुवांनी ही परीक्षा गॅरेजात झाडूच्या दांड्याने पुन्हा पुन्हा घेतली. शिडी नेहमीसारखी बसायची, दांडा वरून सुळकन जायचा. छान मोकळी जागा राहत होती. सासरेबुवांनी खोकी पुन्हा पलंगाखाली ढकलली नाहीत, पण त्यांच्यावरचं फडकं तेवढं काढून घेतलं. त्यांच्या आनंदाची मजल एवढीच.

रविवारी डबीला व्हॅनमागे बांधून सगळे टेकडीच्या पायथ्याशी आले. मैदानावर रंगीबेरंगी गाड्या. कुणाची पावासारखी, कुणाची बुटासारखी, एकीला तर मागे पंख. तपासणीआधी प्रत्येक गाडीने मैदानाला एक फेरी मारून ब्रेक दाखवायचा होता. शिडीने हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले, क्लच सोडला.

आणि डबी उधळली. शिडीने व्हॅन चालवली होती ती चादरींच्या गठ्ठ्यांसकट, कुंथत कुंथत. ही गाडी नुसती सूचना दिली की पळायची. मैदानाचं पहिलं वळण आलं आणि गेलं. वारा गळ्यात शिरला. शिडीने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. छप्पर नाही, चौकट नाही, खांब नाही. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिची पाठ आपोआप उलगडत गेली, एकेक मणका, जसा घडी घातलेला कपडा झटकावा. तिला ते कळलंही नाही. दुसऱ्या वळणाला ती मोठमोठ्याने हसत होती आणि ब्रेक दाखवायच्या जागी आली तेव्हा कसाबसा तिला ब्रेक आठवला.

तपासनीस शांत, सडपातळ गृहस्थ होते. काठीच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. त्यांनी चाकं हलवून पाहिली, पट्टे ओढून पाहिले, इंजिनाकडे बघून सासरेबुवांना वाकून नमस्कार केला. मग कमानीवर काठीचं एक टोक ठेवलं, दुसरं काचेकडे आणलं. टक्. काठी हेल्मेटवर बसली.

त्यांनी पुन्हा ठेवली. टक्.

तपासनीस म्हणाले, "गाडी उत्तम आहे. ताई जरा जास्त आहेत."

सासरेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. हे होणं शक्यच नव्हतं. दांडा तर घरी सुळकन जात होता. शिडीला मात्र लगेच उमगलं. अरेच्चा, आपण ताठ बसलोय. तिने नेहमीसारखे खांदे पाडले, मान आत घेतली, पाठीला पोक काढला. काठी वरून सुळकन गेली.

तपासनिसांनी खाली वाकून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, की वरपर्यंत असंच बसून चालवणार का. शिडी म्हणाली, हो, मला सवय आहे, मी अशीच असते. मग हरकत नाही, असं म्हणून त्यांनी परवानगीचा गोल स्टिकर काढला आणि त्याचा मागचा कागद सोलू लागले.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या डबीपाशी आल्या. त्यांची नजर सुनेच्या पाठीवर होती. गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आधी त्याचा खांदा किती उतरता आहे ते ओळखणारी बाई ती. आता त्यांच्या डोळ्यांसमोर एक सून फेरी मारून आली होती आणि दुसरीच सून काठीखाली बसली होती, आणि दोघींत चांगलं चार बोटांचं अंतर होतं.

"मी माप घेतलं तेव्हा ही वाकलेली होती," त्या म्हणाल्या. "मी वाकलेल्या बाईची गाडी बेतली."

शिडी घाईने म्हणाली, "आई, राहू द्या ना. एवढंसं वाकायला मला काही होत नाही. बाबांची घंटा वाजू दे."

"घरात वाकतेस, व्हॅनमध्ये वाकतेस. हिच्यात वाकायचं नाही. उतर खाली."

हेल्मेटच्या आत शिडीचे डोळे भरून आले. असं तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पण रडायला वेळ नव्हता. तपासनिसांनी सभ्यपणे घड्याळ दाखवलं. पुढे तीनच गाड्या उरल्या होत्या; शेवटची गेली की रस्ता बंद, मग थेट पुढचं वर्ष. त्यांच्या बोटावर अर्धवट सोललेला स्टिकर तसाच होता. सगळ्यांनी सासरेबुवांकडे पाहिलं. गाडी त्यांची, हौस त्यांची, वर्षं त्यांची. सासरेबुवांनी त्या स्टिकरकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं, आणि मान वळवल्यामुळे त्यांना चक्कर आली, म्हणून व्हॅनला धरून त्यांनी तो क्षण जाऊ दिला.

मग ते म्हणाले, "माझे पाने कुठे आहेत?"

पुढे जे झालं त्याला दुरुस्ती म्हणणं धाडसाचं ठरेल. सासूबाईंनी कात्री घेऊन बैठकीत उडी घेतली. टाके तुटले, फोमचा पहिला थर हवेत उडाला. शिडी आत, ताठ, काठी. टक्. शिडी बाहेर. दुसरा थर उडाला. शिडी आत. टक्, पण जरा दबक्या आवाजात. पहिली गाडी टेकडीकडे निघून गेली. तिसरा थर निघाला. शिडी आत. काठी हेल्मेटला घासून थांबली. आता फोम संपला होता, माया संपली होती, आणि डोकं अजून बोटभर शिल्लक होतं.

दुसरी गाडी सुटली. वरून तिची घंटा वाजली. सासरेबुवा गुडघ्यांवर बसून बैठकीखालची फळी सोडवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा नट न पुसता गवतात फेकत होते. नवरा डबीखाली, तोंडात गोळी, हातात पाना, चेहरा हिरवा. खालून त्याने ओरडून विचारलं, की आता कुठला नट, तर सासूबाईंनी सांगितलं, जो हाताला लागेल तो. कुणीतरी विचारलं, हे लोक गाडी जोडतायत की मोडतायत. फळी निघाली. खाली उरला नुसता पत्रा.

शिडी पत्र्यावर बसली. थंड पत्रा, वरून दोन रिव्हेट टोचणारे. पट्टे नव्याने आवळले. तपासनिसांनी काठी कमानीवर ठेवली आणि ती हळूहळू पुढे आणली. काठी काचेवर टेकली. कुठे आवाज नाही.

"ताठ बसलात ना?" तपासनिसांनी विचारलं.

"हो."

"आणखी."

शिडीने उरलीसुरली पाठही सरळ केली. तपासनिसांनी काठी आणि हेल्मेट यांच्यामधून आपलं एक बोट फिरवून पाहिलं. बोट मोकळं गेलं. त्यांनी स्टिकर काचेवर चिकटवला आणि अंगठ्याने दाबला. शेवटची गाडी सुटायच्या रेषेवर उभीच होती. ती सुटली, आणि तिच्या मागे शेवटून शेवटची म्हणून डबी.

त्या चढणीबद्दल शिडीला पुढे कितीदा तरी विचारलं गेलं, आणि दर वेळी ती सांगता सांगता हसू लागायची आणि गोष्ट अर्धीच राहायची. प्रत्येक खडा तिला थेट खालून कळत होता. पहिल्या वळणाला डबीचं शेपूट जरा घसरलं, तिने हात किंचित फिरवला, ते जागेवर आलं. दुसऱ्या वळणाला झाडं एकीकडे आणि आभाळ दुसरीकडे कललं. तिसऱ्या वळणाला तिला नवऱ्याची आठवण आली आणि ती इतकी हसली की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली. रस्ता उभा होत गेला, डबी चिडून ओरडत चढत गेली, आणि ती मध्ये ताठ बसलेली, सबंध, कुठेही न दुमडलेली. आपण एवढ्या आहोत, असं तिला वाटलं. बरं आहे की.

माथ्यावर घंटेची दोरी उंच होती. बाकी सगळ्यांना पट्टे सोडून उभं राहून ती ओढावी लागली होती. शिडीने बसल्या जागेवरून हात वर केला. एकदा ओढली ती सासरेबुवांसाठी. मग सासूबाईंसाठी, मग गाडीखाली पडलेल्या नवऱ्यासाठी, आणि मग कशासाठी ते तिलाही कळेना. घंटेपाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी शेवटी नम्रपणे सांगितलं, की ताई, पोचलात, कळलं खाली.

खाली कळलंच होतं. सासरेबुवा गवतात मांडी घालून बसले होते, कान वर लावून, बिघडलेला नव्हे, चांगला. घंटा वाजायला लागली तेव्हा त्यांनी भिंग घालायच्या डोळ्याला रुमाल लावला, आणि ती थांबेचना तेव्हा दुसऱ्यालाही लावला. हे तिला नवऱ्याने नंतर सांगितलं. त्याच्या अंगावर ग्रीसचे पट्टे होते, आणि तो स्वतःही काही कोरडा नव्हता.

घरी परतल्यावर सासरेबुवांनी पलंगापाशी ठेवलेली खोकी घेतली आणि पाय देऊन सपाट केली. शिडी चहा ठेवायला आत गेली. कप घेऊन बाहेर येत होती, अजून हसत, अजून टेकडीवरच, पाठ तशीच सरळ. ठाण्‌कन चौकट कपाळावर बसली. कप वाचले.

सासूबाई धावत आल्या. शिडीला वाटलं, आता त्या म्हणणार, जरा वाकून येत जा गं. सासूबाईंनी तिच्या कपाळावर हात फिरवला, कप काढून घेतले, आणि स्टूल ओढून त्यावर चढल्या. फीत गळ्यात होतीच.

मग त्या असं काही बोलल्या, जे शिवणकामाच्या इतक्या वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. "ताठ उभी राहा."

शिडी ताठ उभी राहिली. सासूबाईंनी चौकटीच्या वर, भिंतीवर, खडूने रेघ ओढली. तिच्यावर चार बोटं माया सोडून दुसरी ओढली. आणि स्टुलावरूनच मुलाला हाक मारून सांगितलं, की गोळी घे आणि करवत आण.